आधी माणसं, मग पोस्टर: आरोग्य मोहिमा मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
लोकांच्या आरोग्यासाठी आणि समाजबदलासाठी मोहिमा आखणारे, त्यांना मंजुरी देणारे आणि निधी पुरवणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

पुढच्या मोहिमेचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा पहिल्याच पानावर उद्दिष्ट म्हणून 'जनजागृती' लिहिलेलं असेल. त्याखाली किती पोस्टर, किती होर्डिंग, रेडिओवर किती सेकंद, किती लाख लोकांपर्यंत पोहोचणार, असा तक्ता असेल. मोहीम संपल्यावर जो अहवाल येईल त्यातही तेच आकडे असतील, फक्त भूतकाळात. त्या लाखो लोकांपैकी किती जण शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवायला लागले, किती आयांनी मुलांना लसीचा पुढचा डोस दिला, किती जणांनी तंबाखू सोडली, हे त्यात सापडणार नाही. कारण ते कुणी विचारलेलंच नसतं.

मी अशा मोहिमांच्या आखणीत आणि मूल्यमापनात काम करते. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की जनजागृती हे उद्दिष्ट असलेला प्रस्ताव यापुढे मंजूर करू नका. कुणी, काय, कुठे आणि कधी वेगळं करायला हवं, हे एका वाक्यात लिहून मागा. ते लिहिता येत नसेल तर छपाईची ऑर्डर थांबवा.

सोशल मार्केटिंग म्हटलं की हल्ली लोकांना फेसबुक आणि इन्स्टाग्राम आठवतं. मी बोलतेय ती पद्धत त्याहून खूप जुनी आहे. साबण विकता येतो तसा बंधुभाव का विकता येत नाही, असा प्रश्न जी. डी. वीब या अमेरिकी संशोधकाने १९५१-५२ च्या सुमारास विचारला होता. काही सामाजिक मोहिमा तपासून त्यांनी दाखवलं की लोकांच्या मनात इच्छा जागवणं पुरत नाही. ती इच्छा घेऊन जायचं कुठे, ती जागा किती लांब आहे, तिथे गेल्यावर काम होतं का, यावर सगळं अवलंबून असतं. पुढे १९७१ मध्ये फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी या विचाराला 'सोशल मार्केटिंग' हे नाव दिलं आणि व्यापारातली चौकट इथे लावून दाखवली: आपण लोकांना नेमकं काय देतोय, त्यासाठी त्यांना काय मोजावं लागतंय, ते कुठे मिळतंय, आणि ते सांगायचं कसं. आपले बहुतेक प्रस्ताव पहिल्या तीन गोष्टी ओलांडून थेट चौथीवर उडी मारतात. मोजावं लागणं म्हणजे फक्त पैसेही नव्हेत. बुडालेली दिवसाची मजुरी, रांगेतले तास, नर्सने सगळ्यांसमोर केलेली कानउघाडणी, सासूची नाराजी, मित्रांची टिंगल, ही सगळी किंमतच आहे. ती कमी न करता आपण घोषवाक्य बदलत राहतो.

या विषयावर बोलताना मी नेहमी बांगलादेशचं उदाहरण देते आणि ते सविस्तर देते, कारण त्यातली मधली अडचण बहुतेक ठिकाणी गाळली जाते. जुलाबाने शरीरातलं पाणी आणि क्षार गेले की लहान मूल काही तासांत दगावू शकतं, आणि मीठ, साखर व पाणी योग्य प्रमाणात पोटात गेलं तर वाचू शकतं. हे शास्त्र १९७० च्या दशकात पक्कं झालं होतं. १९८० मध्ये ब्रॅक या संस्थेने हे ज्ञान घरोघरी न्यायचं ठरवलं. पाकिटं सगळीकडे पोहोचणार नव्हती, म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असं माप ठरलं. तेवढं सामान जवळपास प्रत्येक घरात होतं. प्रशिक्षित स्त्रिया दारोदार जाऊन आयांना शेजारी बसवून ते मिश्रण करायला शिकवायच्या. काही दिवसांनी दुसरे लोक त्यांतल्या काही घरी जाऊन आईला काय काय आठवतंय ते विचारायचे, आणि शिकवणारीचा मेहनताना त्या उत्तरांवर ठरायचा. भेटी किती दिल्या यापेक्षा आईला काय जमतंय याला पैसे होते. एवढी एक गोष्ट जरी तुम्ही उचललीत तरी पुष्कळ होईल.

पण खरा धडा त्यापुढे आहे. आयांना कृती तोंडपाठ झाली, मिश्रणही अचूक जमायला लागलं, आणि तरी मूल आजारी पडल्यावर ते देणाऱ्या आया फारच थोड्या निघाल्या. आपल्याकडच्या अहवालात हे यश म्हणून नोंदवलं गेलं असतं: माहिती पोहोचली, उद्दिष्ट साध्य. ब्रॅकने मात्र कारण शोधलं. तेव्हा कळलं की शिकवणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींचाच या मिश्रणावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. समोरच्या आईला हे न बोलताही समजत होतं. दुसरं म्हणजे घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि बायका हे जे करताहेत ते काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या कॉलऱ्याच्या रुग्णालयात नेऊन या उपचाराने माणसं कशी बरी होतात ते दाखवलं गेलं, त्यामागचं शास्त्र समजावलं गेलं. पुरुषांसाठी बाजारात आणि मशिदींत वेगळ्या बैठका झाल्या. १९९० पर्यंत हे काम १ कोटी २० लाखांहून जास्त घरांपर्यंत गेलं. जुलाबात क्षारपाणी देण्याचं प्रमाण जगात जिथे सर्वाधिक आहे अशा देशांत आज बांगलादेश येतो.

त्या अडचणीच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याने 'आयांना अजून महत्त्व पटलेलं नाही, आणखी जागृती करा' असा शेरा मारला असता तर? असे शेरे मी कितीतरी फायलींवर वाचले आहेत.

लोकांना माहीत नसतं हे आपलं गृहीतक मुळातच तपासायला हवं. घानामध्ये २००० नंतरच्या काळात हात धुण्याची मोहीम आखताना व्हॅल कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी घरांमध्ये बसून नुसतं पाहिलं. साबण घरोघरी होता. कपड्यांना, भांड्यांना, अंघोळीला तो वापरला जात होता. हातांना तेल लागलं, मासळीचा वास आला, की हातही साबणाने धुतले जात होते. शौचाहून आल्यावर मात्र नाही, कारण हात स्वच्छ दिसत होते. हात धुण्यामागे रोगाचा विचार जवळपास नव्हताच, होती ती किळस. मग जंतूंची चित्रं आणि आजारांची यादी बाजूला ठेवली गेली. टीव्हीच्या जाहिरातीत शौचालयातून बाहेर पडणाऱ्या आईच्या हातावर एक जांभळा डाग दिसतो, ती ज्याला हात लावेल त्याला तो लागत जातो, आणि शेवटी मुलाच्या जेवणात उतरतो. व्याख्यान नाही, धमकी नाही. पाहणाऱ्याला पोटात ढवळून येतं आणि पुढच्या वेळी हात आपोआप साबणाकडे जातो.

याच विचाराची पुढची चाचणी दक्षिण भारतातल्या १४ गावांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथेही आजाराची भाषा टाळली होती. चांगलं मूल घडवणारी आई, किळस, आणि गावात हीच रीत आहे ही भावना, यावर सगळा भर होता. सुरुवातीला महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास होतं. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के झालं आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ६ टक्के. हे आकडे लोकांना विचारून काढलेले नाहीत, घरात बसून पाहून काढलेले आहेत. हा फरक कृपया लक्षात घ्या, कारण 'तुम्ही हात धुता का' या प्रश्नाला नाही म्हणणारं माणूस शोधून सापडत नाही.

आता एका सवयीबद्दल, जी ताबडतोब सोडायला हवी. समस्येचं गांभीर्य पटवण्यासाठी आपण वाक्य सुरूच असं करतो: 'आज इतके टक्के तरुण व्यसनाच्या विळख्यात आहेत', 'अजूनही बहुसंख्य लोक हे करत नाहीत'. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की सगळेच असं वागतात, मग मी काय वेगळं करतोय. अमेरिकेतल्या अॅरिझोनामध्ये दगड बनलेल्या प्राचीन झाडांचं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथले तुकडे लोक खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळ्या पाट्या लावल्या. यापूर्वी आलेल्या अनेक लोकांनी तुकडे नेल्यामुळे इथलं रूप बदलत चाललंय, असं सांगणाऱ्या पाटीजवळ जवळपास ८ टक्के तुकडे चोरीला गेले. कृपया तुकडे नेऊ नका, एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळ २ टक्क्यांहूनही कमी.

उद्यानातल्या दगडांचं ठीक आहे, पण हीच चूक देशभर झाली तर काय होतं तेही नोंदलं गेलंय. अमेरिकी सरकारने १९९८ ते २००४ या काळात तरुणांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्यासाठी जाहिरातींवर जवळपास १ अब्ज डॉलर खर्च केले. जाहिराती पोहोचल्या. बहुतेक मुलांनी त्या वारंवार पाहिल्या आणि त्यांना त्या आठवतही होत्या. स्वतंत्र मूल्यमापनात मात्र गांजाचं सेवन कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट ज्यांनी जाहिराती जास्त पाहिल्या त्यांच्यात गांजाबद्दलचा विरोध काहीसा सैल झाल्याची चिन्हं दिसली. संशोधकांनी दिलेलं एक संभाव्य कारण असं, की सतत जाहिराती दिसल्याने मुलांना वाटलं, म्हणजे हे सगळेच करताहेत.

भीतीचंही असंच आहे. भीती दाखवून लगेच हाताशी येणारा उपाय दिला तर ती उपयोगी पडते. उपाय नसेल तर माणूस नजर फिरवतो. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये एड्सबद्दलच्या एका जाहिरातीत मृत्यूचा सांगाडा बोलिंगच्या चेंडूने बायकामुलांना आडवं करताना दाखवला होता. ती कुणीच विसरलं नाही. पण समलैंगिक पुरुषांनाच लोक त्या सांगाड्याच्या जागी पाहू लागले, ही टीका तिच्यावर पुढे अनेक वर्षं होत राहिली. आजारी माणसाला, गरीब माणसाला, जाड माणसाला, व्यसनी माणसाला सगळ्यांसमोर लाजवणारी मोहीम तुमच्यापुढे आली, तर ती परिणामकारक आहे की नाही याची चर्चा करतच बसू नका. ती नाकारा. लाज वाटलेला माणूस दवाखान्यात येणं बंद करतो, आणि मग त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ताच उरत नाही.

सोशल मार्केटिंगवाल्यांनीही आपल्या काही समजुती सोडायला हव्यात, आणि मी स्वतः त्याच गोटातली असल्याने हे स्पष्ट लिहिते. वर्षानुवर्षं आम्ही सांगत आलो की फुकट दिलेल्या वस्तूची लोक कदर करत नाहीत, म्हणून थोडी तरी किंमत लावा. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा यांनी गरोदर स्त्रियांना डासांपासून बचाव करणाऱ्या मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन हे तपासलं. फुकटऐवजी फक्त ६० सेंट आकारले तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण तब्बल ६० टक्के अंकांनी घसरलं. आणि पैसे देऊन घेणाऱ्या स्त्रिया ती फुकट मिळालेल्यांपेक्षा जास्त वापरत होत्या असंही दिसलं नाही. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी नाममात्र किंमत लावून वस्तू दुकानादुकानांत पोहोचली आणि टिकली, हेही खरं आहे. निरोध, गर्भनिरोधक गोळ्या अशी उदाहरणं आहेत. पण लोकांच्या स्वभावाबद्दलच्या आपल्या मतावर किंमत ठरवायची नसते. आधी छोट्या प्रमाणावर करून पाहायची असते.

आणि काही ओझी मोहिमेच्या खांद्यावर टाकूच नयेत. ज्या वस्तीत नळाला पाणी नाही तिथे हात धुण्याचं पोस्टर लावणं हा त्या लोकांचा अपमान आहे. तंबाखूची किंमत कराने १० टक्क्यांनी वाढवली की श्रीमंत देशांत तिचा खप साधारण ४ टक्क्यांनी आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतो. कर लावण्याचा अधिकार हाती असलेल्या सरकारने तो न वापरता फक्त 'व्यसन सोडा' म्हणत राहावं, हे मला मान्य नाही. मोहीम आणि कायदा एकमेकांना बळ देतात. आधी लोकमत तयार होतं म्हणून कायदा पचतो, आणि कायदा असतो म्हणून नवी सवय टिकते. पण कायद्याची हिंमत होत नाही म्हणून मोहीम काढायची, ही पळवाट आहे.

तंबाखूच्या बाबतीत तर समोर प्रतिस्पर्धी खेळाडूही असतो, तंबाखू कंपनी. वर्षानुवर्षं तरुणांच्या मनाचा अभ्यास करून त्यांना बंडखोरी, मोकळेपणा, मोठं होणं विकणारा खेळाडू. त्याच्यासमोर 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक' हे वाक्य कितीसं टिकणार? फ्लोरिडात १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांकडून तडजोडीत मिळालेल्या पैशांतून 'ट्रूथ' नावाची मोहीम सुरू झाली. तिच्या आखणीत किशोरवयीन मुलं स्वतः होती. त्यांनी मोठ्यांना सांगितलं की सिगारेटने माणूस मरतो हे आम्हाला माहीत आहे, ते परत सांगू नका. त्यांना चीड कशाची आली? कंपन्या आपल्याला गिऱ्हाईक म्हणून कशा हेरतात आणि काय काय लपवतात, याची. मग मोहिमेने तेच समोर आणलं. बंड करायचंच असेल तर या कंपन्यांविरुद्ध करा, असा सूर होता. दोन वर्षांत तिथल्या माध्यमिक शाळेच्या वयाच्या मुलांमधलं धूम्रपान सुमारे ४० टक्क्यांनी आणि त्यापुढच्या वयोगटातलं सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. पुढे ही मोहीम देशपातळीवर गेली.

अशा यशानंतर काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आकडे सुधारले की निधी दुसरीकडे वळतो. मिनेसोटा राज्यात अशीच तरुणांची तंबाखूविरोधी मोहीम २००३ मध्ये बंद करण्यात आली. सहा महिन्यांच्या आत, पुढे सिगारेट ओढण्याकडे कल असलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलांचं प्रमाण ४३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेलं. तंबाखूची जाहिरात आर्थिक वर्षाच्या शेवटी थांबत नाही. दरवर्षी नवी मुलं त्या वयात येतात आणि त्यांच्यासाठी मोहीम पहिल्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवी. तेव्हा दोन आठवड्यांचा 'जागृती पंधरवडा' आणि त्याच्या उद्घाटनाचा खर्च वाचवून पाच वर्षांची, कमी आवाजाची, पण अखंड चालणारी मोहीम मंजूर करा. फीत कापायला काही मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पुढच्या प्रस्तावात मला काय पाहायला आवडेल ते थोडक्यात लिहिते. एकूण खर्चाचा ठरावीक हिस्सा, आणि तो नगण्य नसावा, लोकांच्या घरात, रांगेत, कामाच्या जागी जाऊन पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी राखलेला असावा. जाहिरात संस्था नेमण्याआधी. 'सर्वसामान्य जनता' हा गट प्रस्तावातून काढून टाकावा. पहिल्यांदा आई झालेली विशीतली मुलगी आणि पन्नाशीतला ट्रकचालक यांना एकच वाक्य लागू पडत नाही. संदेश लोकांसमोर नेण्याआधी थोड्या माणसांवर तपासलेला असावा, आणि तो उलटा पडतोय असं दिसलं तर छापलेला माल बाजूला टाकण्याची मुभा अधिकाऱ्याला असावी. अशी मुभा नसल्यामुळे वाईट पोस्टर भिंतीवर जातात. ते वाईट आहेत हे खालच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कळत असतं. आशा, परिचारिका, शिक्षक, जे कुणी हा निरोप दारात घेऊन उभे राहणार आहेत, त्यांचा त्यावर विश्वास आहे का, हे बांगलादेशात विचारलं तसं आधी विचारावं.

शेवटची मागणी सगळ्यात अवघड आहे. अमेरिकेची ती १ अब्ज डॉलरची मोहीम फसली हे आज आपल्याला माहीत आहे, कारण तिचं मूल्यमापन बाहेरच्या संशोधकांकडून करून घेतलं गेलं आणि निष्कर्ष छापले गेले, सरकारला ते नकोसे असूनही. त्यातून जगभरच्या लोकांना शिकायला मिळालं. तुमच्या खात्याने गेल्या काही वर्षांत ज्या मोहिमा राबवल्या, त्यांतल्या न चाललेल्या मोहिमांचे अहवाल प्रसिद्ध करा. कुणाचं नाव त्यात नसलं तरी चालेल. काय ठरवलं होतं, लोकांनी प्रत्यक्षात काय केलं, आणि तुम्हाला त्याचं कारण काय वाटतं, एवढं पुरे. त्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात यासाठी मी रीतसर अर्जही करणार आहे.

कळावे,
आपली,
आरोग्य मोहिमांत काम करणारी एक कार्यकर्ती